तीन ट्रंकांतलं जग

“जगात देश तीनच आहेत, बाकीच्यांकडे टोपी नाही,” असं ड्रेसदादा एकदा म्हणाला होता.

नव्याने आलेल्या कॅमेरावाल्याने सहज विचारलं होतं, की या स्टुडिओत परदेश कुठले कुठले उभे करता. ऐकणारे हसले. ड्रेसदादा हसला नाही. त्याने विनोद केला नव्हता, कपाटात काय शिल्लक आहे ते सांगितलं होतं.

स्टुडिओ म्हणजे मुळात गोदाम. पत्र्याचं छप्पर, खाली सिमेंटची जमीन, आणि या जमिनीवर प्लायवूडचे दिवाणखाने, प्लायवूडची इस्पितळं, प्लायवूडचे तुरुंग. मागच्या बाजूला कपडेपटाची खोली. तिथे एक शिलाई मशीन, इस्त्रीचं लांब टेबल, घामाचा आणि डांबरगोळ्यांचा वास, आणि भिंतीला लावून ठेवलेल्या तीन पत्र्याच्या ट्रंका. ट्रंकांवर ड्रेसदादाने स्वतःच्या हाताने पांढऱ्या रंगात लिहिलेलं: बर्फ. वाळू. बेट.

बर्फाच्या ट्रंकेत केसाळ टोप्या, घोट्यापर्यंतचे कोट आणि चिकटवायच्या दाढ्या. बर्फाची माणसं हसत नाहीत. बाटलीला तोंड लावून पितात, टेबलावर मूठ आपटतात आणि बायकांना तळघरात कोंडतात. वाळूच्या ट्रंकेत ढगळ झगे, डोक्याला गुंडाळायची फडकी आणि पुठ्ठ्याचे वाकडे सुरे. वाळूची माणसं आधी कुजबुजतात, मग एकदम ओरडतात. बेटाच्या ट्रंकेत फुलाफुलांचे सदरे आणि गवताच्या टोप्या. बेटाची माणसं काम करत नाहीत. ती नाचतात, आणि आपल्या नायकाची बॅग चोरतात.

पटकथेत चौथाच एखादा देश आला की दिग्दर्शक विचारायचा, “थंड की गरम?” उत्तर येईल तशी ट्रंक उघडायची. एकदा उंच डोंगरातला एक गरीब देश आला. ड्रेसदादाने क्षणभर डोकं खाजवलं आणि बर्फाची टोपी, वाळूचा झगा अन् बेटाच्या चपला घालून माणूस उभा केला. दिग्दर्शक खूष. “प्रेक्षकाला क्षणात कळलं पाहिजे, की हा आपला नाही,” एवढीच त्याची भूगोलाची व्याख्या होती.

ड्रेसदादा या स्टुडिओत पडदे शिवायला आला होता. पडदे शिवून झाले, तो राहिला. कुणाचं शर्टाचं बटण तुटलं, कुणाची बाही लांब झाली, असं करत करत अख्खा कपडेपट त्याच्या अंगावर पडला. शहराबाहेर तो फार तर सासुरवाडीला गेलेला. परदेश कसा असतो हे त्याला ठाऊक नव्हतं आणि जाणून घ्यायची हौसही नव्हती. त्याला ठाऊक होतं ते एवढंच, की आपण करतो ते खोटं आहे. या एका माहितीच्या जोरावर तो सगळ्या जगाला तुच्छ लेखायचा.

मालिका लिहिणाऱ्या लेखिकाबाईंना तो तोंडावर मान द्यायचा आणि पाठ फिरली की म्हणायचा, “बाईंनी परदेश पाहिलाय. त्यांच्या गच्चीवरून विमान जातं ना.” दिग्दर्शकाबद्दल तर बोलायलाच नको. पण त्याचा खरा तिरस्कार राखून ठेवलेला होता तो प्रेक्षकांसाठी. खोटं करणारे पोटासाठी करतात. पण फुकटात खोटं खाणारे, वर ढेकर देणारे, ते कोण? आणि दुर्दैव असं, की त्यांतला सगळ्यात निष्ठावंत प्रेक्षक त्याच्याच घरात, टीव्हीसमोर, त्याच्याच खुर्चीवर, पाय वर घेऊन बसायचा.

“बघितलंत का,” बायको म्हणायची, “काल परत मारलं हो त्या पोरीला. बर्फाचं काळीज मेल्यांचं.”

“अगं, तो मारणारा माझ्याकडे गुडघ्याला बांधायला पट्टी मागत होता. जिना चढवत नाही त्याला. मुलांच्या शिकवण्या घ्यायचा पूर्वी. आवाज चढवला की स्वतःच दचकतो.”

“तो दचकत असेल. ते लोक दचकत नाहीत.”

“कोण लोक?”

“तिकडचे.”

“तिकडचे कोण? ती टोपी माझ्या हातची आहे. जुन्या गालिच्याची आहे ती.”

“टोपी असेल गालिच्याची,” बायको शांतपणे म्हणायची, “माणसं का गालिच्याची असतात?”

ड्रेसदादा नाकातून हवा सोडायचा आणि पेपरमागे जायचा. असली भांडणं संसारात मुरून जातात, लोणच्यासारखी. कुणी त्यातून काही शिकत नाही.

मग मुलगी तिकडे गेली.

एकुलती एक. फिजिओथेरपी शिकली आणि नोकरी मिळाली ती नेमकी बर्फाच्या देशात. आई आठवडाभर रडली, कारण तिने तळघरं पाहिली होती. बाप म्हणाला, “उंटावरून शेळ्या हाकू नकोस. जाऊ दे तिला.” मुलगी गेली, रुळली, दर रविवारी फोन करू लागली. फोनवर आई पहिला प्रश्न विचारायची, “दाराला आतून कडी आहे ना?”

अशाच एका रविवारी मुलीने सांगितलं, की तिने तिकडचाच एक मुलगा पसंत केला आहे. ज्या तरणतलावावर ती लोकांच्या मोडलेल्या खांद्यांकडून व्यायाम करून घेते, तिथे तो पोहायला शिकवतो.

“पोहायला?” आई किंचाळली. “बर्फात?”

“आई, त्याचं गाव समुद्रावर आहे. तिथे बर्फ पडलं तर शाळेला सुट्टी देतात, मुलं बघायला धावतात.”

“तुला असं सांगितलं त्याने?”

“मी राहते गं इथे!”

“राहतेस म्हणूनच म्हणते. आत राहणाऱ्याला कळत नाही.”

मुलीने शेवटी बापाला फोनवर घेतलं. तिचा आवाज खाली आला. “बाबा, लग्न आम्ही इकडेच करणार आहोत. तुम्ही नाही आलात तरी होईलच. पण नाही आलात तर मग मी तिकडे परत कोणाकडे यायचं? माझ्यासाठी एवढं करा. आईला पटवा. हे सगळं तुम्हीच बनवता हे तिला माहितीय. तुमचं ती ऐकेल.”

“ऐकेल,” ड्रेसदादा म्हणाला. कुठल्या भरवशावर म्हणाला, त्याचं त्याला माहीत.

दोघं आठवडाभरासाठी आली. होणारा जावई म्हणजे अंगाने बारीक, डोक्यावर विरळ होत चाललेले केस, उन्हाने सोललेलं नाक, आणि सतत काहीतरी उचलून इकडून तिकडे ठेवायची मदत करायची सवय. पहिल्याच दिवशी त्याने स्वयंपाकघराचा गळका नळ बंद केला. सासूबाईंनी हे दाराआडून पाहिलं आणि नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाल्या, “सुरुवातीला असेच गोड असतात. आठवतंय ना, पहिल्या महिन्यात त्यानेही तिला फुलं आणली होती.”

“कोणी?”

“मालिकेत हो!”

मुलीने त्याला आपली भाषा शिकवली होती. तो ती सावकाश, एक एक शब्द पायाखाली चाचपत बोलायचा. संध्याकाळी सासू-सासऱ्यांसमोर बसल्यावर त्याच्या मनात काहीतरी घोळत होतं. त्याने मुलीकडे पाहिलं. मुलगी म्हणाली, “सांगून टाक.”

“माझी आई,” तो म्हणाला, “घाबरते. तुम्हाला.”

“आम्हाला?” सासूबाई ताठ झाल्या. “आम्ही काय केलंय तिचं?”

“आमच्या टीव्हीवर तुमच्या देशातली माणसं दाखवतात. ती…” शब्द सापडेना. त्याने मुलीच्या कानात विचारलं. “ती विहिणीला विष घालतात. आणि मुलीचा बाप सुरा घेऊन येतो. आई विचारत होती, की बाबा सुरा आणणार का. मी म्हणालो, विचारून सांगतो.”

मुलगी हसत सुटली. आई हसली नाही. तिचा चेहरा लाल झाला. “आम्ही? विष? अरे, काय वाटेल ते दाखवतात का हे लोक? शरम नाही?”

ड्रेसदादा मात्र पुढे सरकून बसला होता. त्याच्या डोळ्यांत एक वेगळीच चमक आली होती. आपल्याच धंद्यातला माणूस दुसऱ्या गावात भेटल्यावर येते तशी.

“आमची माणसं घालतात काय?” त्याने विचारलं.

“काय?”

“तुमच्या मालिकांत. आमचा माणूस आला, की काय घालून येतो?”

जावयाने आठवून पाहिलं. “कमरेला लाल पट्टा. रुंद. आणि मिशी. मोठी. एक डोळा असा,” त्याने स्वतःचा डोळा बारीक करून दाखवला.

लाल पट्टा ड्रेसदादाने आयुष्यात कधी बांधला नव्हता, कुणाला बांधताना पाहिलंही नव्हतं. म्हणजे तिकडे, समुद्रावरच्या की बर्फातल्या कुठल्यातरी गोदामात, एका ट्रंकेवर पांढऱ्या रंगात आपल्या देशाचं नाव लिहिलेलं आहे. आणि तिथे एक म्हातारा माणूस चष्मा कपाळावर ढकलून रोज कुणाच्या तरी कमरेला लाल पट्टा आवळतो आहे, आणि मनातल्या मनात आपल्या लेखिकेला शिव्या देतो आहे. त्याला त्या माणसाचा राग आला नाही. त्याला भीती वाटली. आपण इतकी वर्षं ज्यांना कपडे चढवले त्यांच्याकडेही कुणीतरी आपल्यावर कपडे चढवत होतं, आणि दोन्हीकडच्या आया ते बघून दाराला कड्या लावत होत्या.

“पट्टा रेशमी की सुती?” त्याने विचारलं.

“बाबा!” मुलगी ओरडली.

आईला कसं पटवायचं हे ड्रेसदादाला त्याच रात्री अंथरुणात सुचलं. बोलून काही होत नाही, डोळ्यांनी दाखवावं. बायको इतक्या वर्षांत एकदाही स्टुडिओत आली नव्हती. देवळाचा गाभारा बघू नये तसं तिचं त्या जागेबद्दल होतं. तिला आणायचं, तळघर दाखवायचं, प्लायवूडला मागून कसे खिळे मारलेत ते दाखवायचं. मग काय बिशाद आहे विश्वास ठेवायची! या बेताला बिनतोड समजून तो घोरायला लागला. जो माणूस आयुष्यभर लोकांच्या मूर्खपणावर जगतो, त्याला आपल्या हुशारीवर भलताच विश्वास असतो.

दुसऱ्या दिवशी चौघं स्टुडिओत गेली. शूटिंगला वेळ होता. ड्रेसदादाने बायकोला हाताला धरून तळघरात नेलं. म्हणजे दोन पायऱ्या चढून नेलं. तळघर जमिनीपेक्षा उंच होतं, कारण खालून दिवे लावावे लागत. थर्माकोलचे दगड, त्यांवर कापसाचं बर्फ, आणि खिडकीत लोखंडी दिसणारे गज. त्याने एक गज हातात घेऊन वाकवून दाखवला. रबर.

“बघ. धर. ओढ.”

तिने ओढला. सोडला. गज थरथरला.

“आणि ही भिंत. मागे ये. बघ, मागे काय आहे? काही नाही. जुन्या मालिकेतलं न्हाव्याचं दुकान.”

ती मागे जाऊन आली. ड्रेसदादाला वाटलं, चला, सुटलो.

जावई दरम्यान सगळीकडे कुतूहलाने बघत होता. भिंतीवरची कुऱ्हाड, कोपऱ्यातलं पिंप, छताला उलटं टांगलेलं मेलेलं अस्वल. त्याने अगदी मनापासून विचारलं, “हा कुठला देश?”

“तुझाच,” मुलगी म्हणाली.

“अरे वा,” तो म्हणाला, आणि पुन्हा एकदा, आता जरा आदराने, अस्वलाकडे पाहू लागला.

“पटलं ना?” ड्रेसदादाने बायकोला विचारलं. “सगळं खोटं आहे हे?”

“हे खोटं आहे,” बायको म्हणाली. “मी काय आंधळी आहे? दिसतंय की. पण कशावरून तरी केलंय ना? खरं तळघर कुठेतरी असल्याशिवाय तुम्ही हे एवढं हुबेहूब कशावरून केलंत? उगाच एवढा खर्च कोण करतं?”

“हुबेहूब कशासारखं?”

“खऱ्यासारखं.”

“खरं कधी पाहिलंस तू?”

“तुम्ही पाहिलंत का?”

नव्हतं पाहिलं. इतका साधा प्रश्न होता आणि त्याच्या उत्तराला त्याच्याकडे कापडाचा तुकडाही नव्हता. आपण करतो ते खोटं, हे तो छातीवर हात ठेवून सांगू शकत होता. मग खरं काय, हे विचारलं की त्याची छाती आणि त्याच्या तीन ट्रंका सारख्याच पोकळ वाजत होत्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तेवढ्यात दिग्दर्शक आला. मागोमाग लेखिकाबाई. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, की दादांकडे खरा बर्फवाला आलाय. दिग्दर्शकाने जावयाला वरून खाली पाहिलं, मग बाजूने पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर फसवणूक झाल्याचे भाव आले.

“हा तिकडचा?”

“तिकडचा,” ड्रेसदादा म्हणाला.

“वाटत नाही हो.”

“फारच साधा आहे,” लेखिकाबाई म्हणाल्या. “प्रेक्षक मानणार नाहीत.”

“आज तो धाकट्या दिराचं काम करणारा आजारी पडलाय,” दिग्दर्शक म्हणाला. “संवाद नाहीत. नुसतं तळघराच्या दाराशी उभं राहायचं. दादा, चढवा याला. बघू तर, होतो का.”

“काही गरज नाही,” मुलगी म्हणाली.

पण जावई, ज्याला मदत करायची खोड होती, म्हणाला, “फक्त उभं राहायचं? मी उभा राहतो.”

“बाबा, नाही म्हणा,” मुलगी हळूच म्हणाली.

ड्रेसदादाने ऐकलं. पण दिग्दर्शकाने ‘चढवा’ म्हटलं की हात चढवायला लागतात, अशी त्याच्या हातांची वर्षानुवर्षांची चाकरी होती. त्याने जावयाला खुर्चीत बसवलं. डिंक लावला, दाढी चिकटवली, कडा बोटांनी दाबल्या. पहिली दाढी थोडी पिवळट वाटली म्हणून ती स्पिरिटच्या बोळ्याने सोडवून दुसरी लावली. कोट घातला. खांदे बारीक म्हणून आतून कापूस भरला. सोललेल्या नाकावर रंग मारला, डोळ्यांखाली काळं ओढलं. टोपी बसवली; मग दोन पावलं मागे जाऊन, मान तिरकी करून पाहिलं आणि टोपी कपाळावर जरा पुढे ओढली. वाईट काम त्याला करताच येत नव्हतं. कोणाच्या वाईटासाठी करतो आहोत, हे मात्र त्याने कधी पाहिलं नव्हतं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. दांड्याला मात्र वाटत असतं, आपण किती गुळगुळीत आहोत!

जावई उठून तळघराच्या दाराशी जाऊन उभा राहिला. खालचे दिवे लागले. त्याची सावली थर्माकोलच्या दगडांवर छतापर्यंत गेली. दाढीच्या आत तो बिचारा घामाने भिजत होता आणि आपलं नीट जमतंय ना म्हणून सासूबाईंकडे बघून हसत होता. पण दाढीतून हसू दिसत नव्हतं. फक्त दात दिसत होते.

“हां!” दिग्दर्शक ओरडला. “आता झाला!”

“आता दिसला,” ड्रेसदादाच्या पाठीमागून बायकोचा आवाज आला. अगदी हळू, आणि पूर्ण खात्रीचा. “बघा. आता दिसला खरा. आल्यापासून साधा होऊन फिरत होता घरात.” तिने मुलीचं मनगट पकडलं. “मी नाही येणार त्या लग्नाला. आणि हेही येणार नाहीत.”

मुलीने आईकडे पाहिलं नाही. बापाकडे पाहिलं.

“बाबा, तुम्ही सांगा तिला.”

काय सांगणार? ते डोळ्यांखालचं काळं माझं, ते खांदे माझे, तो राक्षस माझा, असं? सांगून झालं होतं ते. आयुष्यभर पेपरमागून तेच तर सांगत आला होता, नाक वर करून. त्या सांगण्याने कुणाच्या दाराची एक कडी निघाली नव्हती.

“दादा, टोपी अजून थोडी खाली,” दिग्दर्शक म्हणाला. “डोळे दिसताहेत त्याचे. डोळे साधे आहेत.”

मुलीने मनगट सोडवून घेतलं. चढून दाराशी गेली, होणाऱ्या नवऱ्याचा कोटाच्या बाहीतला हात धरला आणि त्याला ओढत खाली उतरवलं. “चल,” ती म्हणाली. मग बापाला म्हणाली, “आम्ही फाटकाशी थांबतो. लग्नाला येणार असाल तर तिथवर या. नसाल, तर नका येऊ, मला कळेल.” आणि ती चालायला लागली. तिच्यामागून तो केसाळ टोपीतला, कापसाच्या खांद्यांचा पोहण्याचा मास्तर, वळून वळून सगळ्यांना नमस्कार करत, वायरींवरून पाय उचलत गेला.

“अहो, आमचा कोट!” लेखिकाबाई म्हणाल्या.

“दादा, पकडा त्याला, शॉट लागलाय!” दिग्दर्शक म्हणाला.

“जाऊ दे,” बायको म्हणाली. “तुम्ही नका जाऊ मागे. दोन दिवसांत येईल ताळ्यावर. ऐकताय ना? मी सांगते, मालिकेत पण ती…”

ड्रेसदादाने खुर्चीशेजारच्या टेबलावर पाहिलं. डिंकाने चिकटवलेली दाढी नुसती ओढून निघत नाही. कातडी सोलून निघते. ती सोडवायला स्पिरिट लागतं, आणि हात हलका लागतो. त्याने स्पिरिटची बाटली उचलली, कापसाचा बोळा घेतला. बायकोच्या समोरून, दिग्दर्शकाच्या पसरलेल्या हाताखालून, लेखिकाबाईंच्या उघड्या तोंडापुढून, तो फाटकाच्या दिशेने निघून गेला.